यशवंताचे सात खांब

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या वळणावर सरकारी खांब उभा राहिला. वर सौरपाटी, कॅमेरा, भोंगा. बिबट्या दिसला की ओरडणारा. साहेब आले, नारळ फुटला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. भाषणात एक जण म्हणाला, असलं यंत्र या गावानं पहिल्यांदाच बघितलं. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर होते, म्हातारी म्हणून पुढे बसवतात. शेजारी माझी धाकटी जाऊ, कमल. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दोघी गप्प. गप्प बसणं आम्हाला चांगलं जमतं.

घरी आले, पण ते भाषण डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला घेतलं. मी काही शिकलेली बाई नव्हे. पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं लावली, मग किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

खांब आधी होते. सात होते. यशवंता बनसोडेनं स्वतःच्या हातानं केलेले. आज त्यातला एकही नाही, आणि यशवंताही गावात नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या पार खालच्या टोकाला, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. अलीकडे ऊस, पलीकडेही ऊस. आमचा मळा आणि यशवंताची वस्ती यांच्यामध्ये एक पाणंद, एवढंच अंतर. तो माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मला आक्का म्हणायचा. पाबळला राहून वायरिंग शिकला आणि शिक्रापूरकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. मशिनचे सेन्सर बघायचे, हे त्याचं काम. अंगात कायम कंपनीचा निळा शर्ट, खिशाला टेस्टर, आणि डावी भुवई अर्धी जळालेली. ती कशी जळाली हे त्यानं प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं.

एकदा मी विचारलं, "सेन्सर म्हंजी काय रे बाबा?"

मी चुलीपुढे होते. म्हणाला, "तुम्ही भाकरीवर हात धरता, आन् उलटायची कवा ते तुम्हाला कळतं. तो हात म्हंजी सेन्सर. ठरवतं डोकं. आन् उलटवणारा हात म्हंजी मोटर. आमच्याकडं ही तिन्ही येगळी येगळी मिळत्यात, तारंनं जोडायची. झालं मशिन शाणं."

"आन् भाकरी करपली तर?"

"तर बघायचं, तिघांतलं खोटं कोण बोललं."

त्याची एक खोड होती. तुम्ही काहीही सांगा, तो विचारणार, "कसं कळलं?" मी म्हणायचे, आज पाऊस येतोय. कसं कळलं? म्हणायचे, म्हैस आजारी दिसतीय. कसं कळलं? मी सांगायचे, की कान पाडलेत, रवंथ करीना. मग तो बोटं मोजायचा. "कान एक, रवंथ दोन. दोन साक्षीदार झाले. आता म्हणा आजारी हाय." एकट्या साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही, हा त्याचा कायदा. त्याची बायको सुमन पाणंदीपलीकडून ओरडायची, "यांना मशिनच्या पोटातलं कळतंय, बिबट्याच्या पोटातलं कळतंय. घरात तेल संपलंय, ते तेवढं कळत न्हाई!" सुमन अशीच होती, लाह्या फुटाव्यात तशी बोलायची. शेळ्या पाळायची, आणि शेळ्यांशीही तशीच बोलायची.

आमच्या विहिरीची मोटर उन्हाळ्यात दोनदा जळाली. पाणी तळाला जायचं, मोटर कोरडीच फिरत राहायची, आणि आमचे हे, म्हणजे आबा, झाडाखाली घोरत असायचे. यशवंता एका रविवारी आला, माझ्या फळीवरचे दोन स्टीलचे चमचे उचलले आणि चालू लागला. मी मागं धावले. "अरे मेल्या, लग्नातले चमचे हायेत ते!" म्हणाला, "मग लग्नाइतकंच टिकाऊ काम करतो." दोन्ही चमच्यांना तार बांधून त्यानं ते विहिरीत सोडले, एक वर, एक खाली. पाण्यातून करंट जातो म्हणे. पाणी वरच्या चमच्याला शिवून असलं तर मोटर चालणार, सुटलं की बंद. मोटर काही पुन्हा जळाली नाही. पाहुणे आले की मी शिऱ्याबरोबर हाताची बोटं पुढं करायचे आणि सांगायचे, चमचे विहिरीत आहेत.

मग बिबटे आले. आले म्हणजे होतेच, उसातच जन्मलेले, पण आता माणसाला बुजेनासे झाले. आधी कुत्री गेली, मग शेळ्या, मग नदीपलीकडच्या वाडीत अंगणात खेळणारी एक पोर गेली. चार वर्षांची. त्या दिवसापासून गाव बदललं. सहानंतर बाहेर दिसेल तो माणूस वेडा. परसाकडे जायचं तरी दोघींनी, हातात थाळी वाजवत. बाया गळ्याला उपरणं गुंडाळून खुरपायला बसायच्या, मान धरतो म्हणून. आणि शाळेचं वळण! दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधून आठ फुटांची वाट. सकाळी पोरं धाडली की शाळा सुटेपर्यंत आयांचं लक्ष वाटेकडं. पिंजरे मागून मागून सरपंचांची जीभ थकली.

यशवंता त्या पोरीच्या घरी जाऊन आला. सुमन म्हणाली, "दोन दिस झाले, जेवत न्हाई. नुसता शाळंच्या वाटंचं माप घेत बसलाय." कंपनीतले काढून टाकलेले सेन्सर शिक्रापूरला भंगारात मिळतात. ते त्यानं पोत्यानं आणले. मोटरसायकलच्या बॅटऱ्या आणल्या, सौरपाट्या आणल्या, पाण्याच्या पायपांचे खांब केले.

त्या खांबाला डोळे तीन. दोन काळ्या काचेचे, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या. समोर दहा-बारा पावलांवर दुसरा खुंट. मधे न दिसणारी किरणाची दोरी ताणलेली. माणूस गेला तर दोन्ही दोऱ्या तुटणार. जनावर गेलं तर फक्त खालची. तिसरा डोळा म्हणजे पांढरी वाटी, तिला अंगाची ऊब कळायची. खालची दोरी तुटली, वरची शाबूत, आणि ऊब पण आहे, असं सगळं जुळलं तर भोंगा वाजणार आणि वरचा दिवा मोटरवर गर्रकन त्या बाजूला वळणार.

"आन् कुत्रं गेलं तर?" मी विचारलं.

"त्याचंच तर माप घ्यायचंय आक्का. दोरी किती येळ तुटली त्यावरून जनावर किती लांब ते कळतं."

मग आमच्या अंगणात जे झालं ते आठवून मला आजही हसू येतं. त्यानं वस्तीतली कुत्री पळवून बघितली, शेळ्या पळवल्या, वासरू पळवलं. बिबट्या कुठून आणायचा? तर आमचे आबा. सत्तरीचे, गावात ज्यांना बघून लोक चावडीवरून उठतात, ते आबा.

"आबा, जरा रांगता का?"

"काय?"

"रांगा जरा. सुतळीचं पोतं मागं बांधतो, शेपटीला."

"तुझ्या आयला यशवंता, माझं वय काय!"

"वयानंच चाल सावकाश हाय. बिबट्या बी असाच दबकत येतो."

आणि आबा रांगले हो! मागं पोत्याची शेपटी, वर धोतराचा सोगा. सगळी वस्ती, सगळा मळा बघायला. सुमन ओरडली, "आबा, डरकाळी राहिली!" तर त्यांनी डरकाळीही फोडली, आणि बरोब्बर त्याच वेळी भोंगा वाजला. दिवा वळून आबांच्या तोंडावर. लोक गडाबडा लोळले. यशवंता एकटा हसत नव्हता. तो वहीत काहीतरी लिहीत होता.

सात खांब लागले. एक शाळेच्या वळणावर, दोन पाणंदीला, बाकीचे वस्तीच्या आणि मळ्याच्या कडेनं. पहिल्याच महिन्यात वळणावरचा वाजला, आणि सकाळी ओल्या मातीत पंजे दिसले, वाटेपर्यंत येऊन मागं फिरलेले. त्या दिवशी बायांनी यशवंताला वस्तीवर जाऊन ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं.

पण माणसाची जात कशी असते बघा. दोन महिन्यांत कुरकुर सुरू झाली. कारण खांब दुसऱ्याही वेळी ओरडायचे. काचेवर कोळ्यानं जाळं केलं, चिखल उडाला, उसाचं पान येऊन अडकलं, की डोळा झाकायचा आणि भोंगा सुरू. यशवंता कंपनीतून येऊन पुसेपर्यंत सुरूच. कुणाचं तान्हं दचकायचं, कुणाची म्हैस दूध चोरायची. आणि सगळ्यात जास्त तक्रार कुणाची? माझी. खोटं का बोलू. आमच्या परसाचा खांब आठवड्यात तीनदा ओरडला तेव्हा मीच त्याला बोलावून घेतलं.

"यशवंता, गप कर त्याला. बिबट्या आला तर बोंबल म्हणावं. डोळ्यात कचरा गेला म्हणून कशाला बोंबलतंय?"

तो खाली बसला. म्हणाला, "आक्का, आंधळं झालं की त्यानं बोंबललंच पायजे. कंपनीत तार तुटली, डोळा झाकला, की मशिन जागच्या जागी उभं राहतं. दिसत नसलं तर पुढं जायचं न्हाई, हा पयला नियम. मी कंपनीत असं गप करून ठेवलं तर मला त्याच दिवशी घरी बसवतील."

"ही काय कंपनी हाय का? लोक उद्या तारा तोडतील तुझ्या."

तारा खरंच तोडायला निघाले होते लोक. दोन खांबांवर गोणपाट टाकलेलं त्यानं स्वतः बघितलं होतं. चार दिवस तो विचार करत हिंडला. मग एका रविवारी लॅपटॉप घेऊन सातही खांबांना फिरला. आता डोळा बराच वेळ झाकलेला असला तर खांब समजायचा, काहीतरी आडवं आलंय, बैलगाडी असेल, पान असेल. आणि गप्प राहायचा. फक्त बुडाशी एक बारका तांबडा दिवा लागायचा. "तांबडा दिसला की मला फोन करा," असं त्यानं घरोघर जाऊन सांगितलं. आणि डोळ्यांना हात लावू नका, पुसायचं ते मी पुसीन, हेही. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. गाव शांत झोपायला लागलं.

दसरा आला. यशवंता दरवर्षी धम्मचक्र दिनाला नागपूरला जायचा, त्याही वर्षी गेला. सुमनचं ठरलं होतं जायचं, पण एक शेळी व्यायला झाली होती, म्हणून ती राहिली.

दसऱ्याला आमच्यात हत्यारं पुजतात. विळे, खुरपी, नांगर, ट्रॅक्टर, मोटर. ज्यानं आपलं रक्षण होतं, पोट भरतं, त्याला हात जोडायचे. मी ताट घेऊन फिरले, बरोबर कमल. विहिरीची मोटर झाली, मग परसातला खांब दिसला. मला वाटलं, याच्याइतकं रक्षण कोण करतंय? गोंडा बांधला. हळद लावली, ओलं कुंकू लावलं, बरोबर मधे, जिथं कपाळ असावं तिथं. पांढरी वाटी होती ती. खालच्या काळ्या काचेलाही बोट लावलं. अक्षता लावल्या. मी अक्षता हळदीत नि थोड्या दुधात भिजवते, म्हणजे चिकटून राहतात. कमल म्हणाली, "पाणंदीचा पण करू, नाहीतर रुसायचा." तोही केला. नमस्कार केला. तांबडा दिवा लागला असेल, लागलाच असणार. पण बुडाशी वाहिलेली झेंडूची फुलं त्याच्यावर होती, आणि आम्ही सोनं वाटायला पुढं गेलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सुमन पाणंदीच्या कडेला बांधलेली शेळी सोडायला गेली. तिच्या सासूनं म्हटलं, काठी घे. सुमन म्हणाली, "खांब हाय की." हे तिचं शेवटचं बोलणं.

मी अंगणात होते. मला शेळी ओरडल्याचं ऐकू आलं. भोंगा ऐकू आला नाही. मी मनात म्हटलं, भोंगा नाही म्हणजे काही नाही.

यापुढचं मी लिहिणार नाही. उसात शिरलेल्या माणसांनी जे बघितलं ते त्यांनी घरच्या बायांनाही सांगितलं नाही.

यशवंताला दौंड स्टेशनवर गाडीतून उतरल्या उतरल्या मुलगी भेटली, प्रज्ञा. ती दौंडलाच नर्स आहे. तिनंच सांगितलं. दोघं आले तेव्हा दारात सगळं गाव. तो घरात गेला नाही. तडक पाणंदीच्या खांबापाशी गेला. कुणीतरी म्हणालं, "बाई गेली, आन् हा खांब बघतोय." तो वाकला. पांढऱ्या वाटीवरून बोट फिरवलं. बोटाला वाळकं कुंकू आलं आणि एक तांदूळ. ते बोट तो किती तरी वेळ बघत राहिला. मग खाली बसला आणि कपाळ खांबाला टेकून असा ओरडला की आमच्या गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली.

पंधरवड्यानंतर ग्रामसभा झाली. विषय एकच, खांब काढायचे. लोक म्हणत होते, त्याची स्वतःची बायको वाचली नाही, आमची पोरं काय वाचणार? त्याच्या जिवावर आपण गाफील राहतो. बोलण्यात चूक काय होती सांगा. यशवंता उठला. दाढी वाढलेली, निळा शर्ट तोच. हात जोडलेले.

"चुका दोन झाल्या," तो म्हणाला. "एक माझी. आंधळं झालं तर बोंबल, हे मी त्याच्यातनं काढलं. काढायला नको होतं. दुसरी, पाणंदीच्या खांबाच्या डोळ्यावर कुंकू होतं. हळद, कुंकू, अक्षता. त्यानं त्याला दिसलंच न्हाई. खांब खोटा न्हाई. मला आठ दिवस द्या. आंधळा झाला की वरडंल असा करतो. किती बी वरडला तरी बंद करणार न्हाई. बाकीचे सहा उपटा, पर वळणावरचा ठेवा. पोरं जात्यात तिथनं. तेवढा एक ठेवा."

मागून आवाज आला, "म्हंजी आमच्या पूजेनं बाई मेली म्हणतोस?"

"मी पूजेला काय बोललो न्हाई."

"बोललास की! कुंकवावर घालतोय! स्वतःचं मशिन फसलं, आन् देवाधर्मावर ढकलतोय. तुमचं नेहमीचंच हाय."

गलका झाला. वस्तीतली पोरं उभी राहिली, इकडची उभी राहिली. सरपंच हात वर करून म्हणाले, "थांबा, थांबा. विचारू की. बायाबापड्या बसल्यात हितं. कुणी लावलं का खांबाला कुंकू? लावलं असंल तर हात वर करा, कुणी काय म्हणणार न्हाई."

मी तिसऱ्या ओळीत होते. माझा हात पदराखाली होता. कमलनं माझ्या मांडीवर बोटं रुतवली. मला वाटलं, हात वर केला तर हे सगळे डोळे माझ्याकडे वळतील. आबांचं नाव, घराचं नाव. सुमनच्या सासूचा चेहरा दिसला. एवढासा हात, बघा. चमचा उचलायला लागतं तेवढंही बळ लागलं नसतं. नाही उचलला.

यशवंता सगळ्या बायांवरून नजर फिरवत होता. माझ्यापाशी आली तेव्हा मी मान खाली घातली.

"बघ," सरपंच म्हणाले. "कुणी न्हाई लावलं."

त्याच दुपारी खांब उपटले. वळणावरचा उपटताना तो आडवा आला, पाया पडला, "हा ठेवा, दादा, हा एवढा ठेवा, माझ्यासाठी न्हाई वो, पोरं..." म्हणत राहिला. ट्रॅक्टरला दोर लावून ओढला खांब. पाईप वाकला. पांढरी वाटी फुटून वाटेवर पडली, ती पुढं कित्येक दिवस तिथंच होती.

दुसऱ्या दिवसापासून यशवंता वळणावर उभा राहायला लागला. शाळा भरताना आणि सुटताना. एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचं ताट. ऊस हलला की बडवायचा. वारा आला तरी ऊस हलतो; तो वाऱ्यालाही बडवायचा. पोरं हसायची, त्याच्यासारखं ताट बडवून दाखवायची. आया पदरानं तोंड झाकून जायच्या. नोकरी सुटली. कंपनीतले दोन जण समजवायला आले होते, त्यांना म्हणाला, "तिकडं लई सेन्सर हायेत. हितं एकच हाय."

एक दिवस धीर करून मी चहा घेऊन गेले. बशीत ओतून दिला. थंडी होती, त्याचे ओठ फुटले होते.

"आक्का, तुम्ही हितं थांबू नका. ऊस जवळ हाय."

"यशवंता, त्या सभेत मी..."

"मला कळलंय," तो म्हणाला. उसावरची नजर न काढता.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कसं कळलं?"

"बोटाला तांदूळ चिकटला होता. पिवळा, दुधाचा. असा तुमच्याच घरचा असतो, बाकीच्या कोरडं टाकत्यात. पर तो एकच साक्षीदार झाला." त्यानं चहा संपवला. "मग सभेत तुम्ही मान खाली घातली."

"मग नाव का न्हाई घेतलंस माझं? ओरडायचंस माझ्यावर!"

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. राग होता. मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं की नव्हता, पण होता. "मी नाव घेतलं असतं तर भांडण पेटलं असतं, आन् खांब गेलाच असता. तुम्ही हात वर केला असता तर खांब राहिला असता. मला भांडण नको होतं आक्का. मला खांब पायजे होता."

बशी माझ्या हातात दिली आणि पुन्हा उसाकडे वळला. मी परत आले. त्यानंतरही मला सरपंचांकडे जाता आलं असतं. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. रोज ताटाचा आवाज यायचा. ऊसतोड होईपर्यंत येत राहिला. ऊस गेला, वाट मोकळी झाली, तरी तो उभाच. मोकळ्या रानाकडं बघत ताट बडवायचा. मग प्रज्ञा आली आणि त्याला हाताला धरून दौंडला घेऊन गेली.

चैत्रात मी एकटी एसटीनं दौंडला गेले. आबांनाही सांगितलं नव्हतं. मनाशी ठरवलं होतं, यशवंताला म्हणायचं, चल माझ्याबरोबर, मी सगळ्यांसमोर सांगते, पुन्हा सभा बोलवायला लावते. प्रज्ञानं पाणी दिलं. ती माझ्याशी नीट बोलली, ते आणखीच लागलं. म्हणाली, "बाबा त्या नव्या कपड्याच्या दुकानापाशी असत्यात. रोज जात्यात. तिथला वॉचमन ओळखतो आता."

दुकान मोठं, पुढं सगळी काच. आपोआप सरकणारं दार. यशवंता त्याच्यासमोर उभा होता, पायरीवर. वाळून काटकी झालेला. अंगात कुणाचा तरी ढगळ शर्ट. तो एक पाऊल पुढं टाकायचा, दार सरकायचं. आतून गार वारा यायचा. तो मागं व्हायचा, दार मिटायचं. पुन्हा पुढं.

मी हाक मारली. त्यानं वळून बघितलं, ओळखलं. जणू कालच भेटलो होतो अशा सुरात म्हणाला, "आक्का, बघा. याला मी दिसतोय."

मी जे ठरवून आले होते ते सगळं बोलले. भराभर, रस्त्यातच, लोक बघत होते तरी. कुंकू मी लावलं, उद्या सभेत सांगते, लेखी देते, पुढच्या उसाच्या आत खांब उभा करू, तू ये फक्त. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाला, "मला आता जमत न्हाई आक्का. हात स्थिर राहत न्हाई. तार जोडाय गेलं की सोल्डर सांडतं." त्यानं हात पुढं करून दाखवले.

वॉचमन आला. "काका, आत जायचं तर जा, न्हाईतर बाजूला व्हा. एसी वाया चाललाय."

"व्हय, व्हय, होतो," यशवंता म्हणाला आणि अगदी थोडासा बाजूला झाला.

माझी परतीची गाडी होती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, हाडं लागली. "आत जाऊन ये तरी एकदा," मी म्हटलं. काय बोलायचं कळलं नाही म्हणून म्हटलं. त्यानं मान हलवली. मी रस्ता ओलांडून पलीकडे आले, मागं बघितलं. वॉचमन गिऱ्हाइकाशी बोलत होता. यशवंता पुन्हा पायरीच्या मधोमध येऊन उभा होता. पाऊल पुढं, दार उघडलं. पाऊल मागं, मिटलं. मी गाडी सुटेपर्यंत बघत होते. आत काही तो गेला नाही.